एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी झिंक फिंगर, टॅलेन आणि क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्रांपैकी कोणतं निवडावं?

क्रिस्पर घ्या. टॅलेनला प्रत्येक नव्या जागेसाठी नवं प्रथिन बांधावं लागतं, झिंक फिंगर त्याहून किचकट. क्रिस्परमध्ये डीएनए कापणारी कात्री, म्हणजे कॅस९ हे प्रथिन, तेच राहतं, तिला जागा दाखवणारा २० अक्षरांचा गाइड आरएनए तेवढा बदलायचा. पण तंत्र कुठलं हे सगळेच विचारतात. ज्या वाणावर काम करायचं, त्याचा डीएनए वाचून बघितलाय का, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहायला बसले.

माझं काम आंबेमोहरावर होतं. आंबेमोहर उंच वाढतो आणि दाणा भरला की वाऱ्यापावसात लोळतो. आमच्या घरचं भात असं आडवं पडलेलं लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे विषय मीच मागून घेतला. एसडी१ जनुक बंद पाडायचं, की रोप बुटकं होतं. आयआर-८ हा भाताचा प्रसिद्ध वाण बुटका आहे तो हेच जनुक बिघडल्यामुळे. गाइड डिझाइन केला जपानी निप्पोनबारे वाणाच्या जीनोमवरून, म्हणजे संपूर्ण डीएनएवरून. मी सरांना म्हटलं, आधी आपल्या आंबेमोहराचा तेवढा तुकडा सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचायला, पाठवू. सर म्हणाले, "भाताचा जीनोम २००५ सालीच वाचून झालाय, पुन्हा कशाला पैसे घालवायचे?" मी गप्प बसले.

पुढे अकरा महिने कॅलस (ज्यातून रोप वाढवतात तो पेशींचा गोळा), अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (जनुक पेशीत नेणारा जिवाणू), हायग्रोमायसिन (जनुक न पोचलेल्या पेशी मारणारं औषध). कॅलस सारखा काळा पडायचा. शेवटी १९ रोपं हाती आली, सगळ्यांत कॅस९च्या जनुकाचा बँड (चाचणीतली पट्टी) दिसला, लॅबमध्ये पेढे वाटले. बँड दिसला म्हणजे कात्री पोचली एवढंच. कापलं की नाही ते सिक्वेन्सिंग सांगतं. तो निकाल आला तेव्हा एकाही रोपात एक अक्षर हललेलं नव्हतं. आणि त्याच निकालात दिसलं की निप्पोनबारेत गाइडशेजारी जिथे जीजी आहे, तिथे आमच्या वाणात जीए आहे. ते जीजी म्हणजेच पॅम. ते नसेल तर नेहमीचं कॅस९ तिथे जवळपास कापतच नाही, गाइड कितीही तंतोतंत जुळू दे.

मीटिंगमध्ये मात्र "टिश्यू कल्चरमध्ये हात कमी पडला" असं ठरलं. तो हात माझा होता. तो तुकडा आधी वाचून घेणं हजार रुपयांच्या आतलं काम होतं.

दोष तंत्राचा नव्हता. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं सांबा मसुरीत जनुक संपादित करूनच 'कमला' वाण काढला, तो २०२५च्या मे महिन्यात जाहीर झाला. परका डीएनए न उरलेल्या अशा रोपांना २०२२पासून जीएम (परकं जनुक घातलेल्या) पिकांच्या किचकट परवानग्यांतून सूटही आहे. फक्त पुढच्या पिढीत कॅस९ नसलेली रोपं निवडून काढावी लागतात.

टॅलेनला वर मी घाईनं बाजूला सारलं. त्याला पॅम लागत नाही, माझ्या त्या जागी ते चाललं असतं. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर काम असेल तर टॅलेनच्या घराण्यातलीच साधनं बघा, कारण गाइड आरएनए तिथे आत नेणं फार अवघड जातं. आणि क्रिस्पर भलतीकडेही कापू शकतं, गाइडशी मिळत्याजुळत्या जागा तपासायच्याच.

ज्या पिशवीतलं बी वापरणार, त्याच पिशवीतल्या रोपाचा डीएनए काढा. टार्गेटच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे अक्षरं सोडून प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) घ्या आणि दोन्ही दिशांनी वाचून घ्या. गाइड एकावर थांबू नका, दोन तरी घ्या. सर नको म्हणाले तर स्वतःच्या पैशानं करा, आणि विचारलं होतं हे लॅबवहीत तारखेसह लिहून ठेवा. माझ्या वहीत ती नोंद नाही.