फेट्याचा भगवा कुठे गेला? रॉ आणि जेपेगबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न फिरून एकाच गोष्टीवर येतात : नव्या कॅमेऱ्यात फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची मोजमापं असलेली फाइल) काढावेत की जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानेच तयार करून, दाबून दिलेला फोटो). पहिल्या उत्तरात थोडं खोलात गेलो आहोत. ते वाचलंत तर पुढची उत्तरं सोपी जातील.

प्रश्न : २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा नुकताच घेतला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत जेपेगमध्ये फोटो काढले. चेहरे छान आले, पण भगव्या फेट्यांच्या चुण्या पार गेल्या. फेट्याच्या जागी नुसता केशरी डाग दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तर उजवीकडे टेकलेला नव्हता. रॉमध्ये काढले असते तर चुण्या वाचल्या असत्या का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुतेक वाचल्या असत्या. हिस्टोग्राम ठीक असताना रंग का गेला हे कळलं, की रॉ आणि जेपेगमधला फरकही कळतो.

सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा, प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. चार पिक्सेलच्या गटात दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. रॉ फाइलमध्ये ही मोजमापं जवळपास जशीच्या तशी राहतात, तीही १२ किंवा १४ बिटमध्ये, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांमध्ये. जेपेग करताना मात्र कॅमेरा क्षणात बरीच कामं उरकतो. शेजारच्या पिक्सेलवरून राहिलेले दोन रंग काढतो, व्हाइट बॅलन्स लावतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, रंग गडद करतो, कडा धारदार करतो, नॉइज (फोटोतले दाणे) पुसतो आणि प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६ वर आणतो. शेवटी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटी पाडून डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देतो. एकदा टाकलेलं परत मिळत नाही.

तुमचा फेटा यातल्या व्हाइट बॅलन्सच्या पायरीवर गेला. उन्हात बहुतेक सेन्सरवर लाल पिक्सेल हिरव्यापेक्षा कमी भरतात. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा लाल रंगाचा आकडा साधारण दीड ते दोन पट करतो. डांबरी रस्ता किंवा सदरा असेल तर काही बिघडत नाही. भगव्या कापडात मात्र लाल मुळातच भरपूर असतो. तो वाढवला, त्यावर रंग आणखी गडद केला, की थेट २५५ वर जाऊन आदळतो. चुणीचा उजळ भाग २५५, खोलगट भागही २५५, मग चुणी दिसणार कुठून? सेन्सरवर मात्र तो लाल काठोकाठ भरलेला नव्हता. रॉमध्ये ते मूळ आकडे शाबूत असतात. संगणकावर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) अर्धा ते एक स्टॉप खाली घेतलं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) थोडं उतरवलं, की चुण्या पुन्हा दिसू लागतात. चेहरे काळवंडले तर शॅडो, म्हणजे अंधारे भाग, तेवढ्या वर घ्यायच्या.

हिस्टोग्रामने फसवलं, कारण तुम्ही पाहिला तो ब्राइटनेसचा. त्यात हिरव्याला सर्वाधिक वजन असतं, लाल एकटा कापला गेला तर त्याचा पत्ता लागत नाही. मेनूमध्ये आरजीबी (लाल-हिरवा-निळा) हिस्टोग्राम चालू करा, तिथे लालचा आलेख वेगळा दिसतो. पुढच्या वेळी जेपेगच काढायचं असेल तर पिक्चर स्टाइल (जेपेगचे रंग आणि कॉन्ट्रास्ट ठरवणारी सेटिंग) 'न्यूट्रल' ठेवा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळा करायची सेटिंग) −०.७ करा आणि सुरुवातीच्या दोन-तीन फोटोंत लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला नाही ना, ते तपासा. रॉ काढतानाही 'न्यूट्रल'च बरं. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम रॉवरून नाही, आतल्या छोट्या जेपेगवरून काढलेला असतो, आणि 'न्यूट्रल'मुळे तो खऱ्याच्या जवळ येतो.

रॉला मर्यादा आहेच. सेन्सरच भरून गेला तर रॉमध्येही काही उरत नाही. झांजेवर पडलेली उन्हाची तिरीप दोन्हीकडे पांढरीच राहील. ढोबळ अंदाज द्यायचा तर उजळ भागात रॉ साधारण एक स्टॉप जास्त वाचवतं. अंधाऱ्या भागात आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला तीनेक स्टॉप उचलता येतात. जेपेगमध्ये शॅडो एक-दीड स्टॉपपलीकडे उचलल्या की चेहऱ्यावर त्या ८ बाय ८ च्या चौकटी आणि रंगांचे ठिगळ दिसू लागतात.

प्रश्न : आमच्या ग्रुपच्या एकांकिकांचे फोटो मी काढते. निळे एलईडी लागले की चेहरे निळेजांभळे होतात आणि काही फोटोंत आडवे पट्टे येतात. रॉने दोन्ही सुटेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पहिलं बऱ्यापैकी सुटेल, दुसरं अजिबात नाही.

रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फाइलसोबत लिहिलेली फक्त सूचना असते. ती नंतर कितीही वेळा बदला, दर्जाला धक्का लागत नाही. जेपेगमध्ये ती रंगात मुरलेली असते. पण मंचावर निव्वळ निळाच दिवा असेल तर चेहऱ्यावरून लाल प्रकाश परतलेलाच नसतो, आणि नसलेला रंग रॉ कुठून आणणार? अशा प्रवेशाचा फोटो कृष्णधवल करावा हे आमचं प्रामाणिक मत. एरवी निळ्यासोबत समोरून थोडा जरी पिवळट प्रकाश असेल, तर रॉमधून त्वचेचा रंग चांगला निघतो.

पट्टे येतात ते दिव्यांच्या उघडझापीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० सेकंदाचं शटर ठेवलं की पट्टे बहुधा जातात. मंचावरचे एलईडी मंद करताना मात्र वेगळ्याच वेगाने उघडझाप करतात, तिथे १/१०० पुरेलच असं नाही. तालमीच्या वेळी १/६०, १/१००, १/१२५ असे फोटो काढून पाहा. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावत असाल तर आधी ते बंद करा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे पट्टे वाढतात. शिवाय काही कॅमेऱ्यांत त्या मोडमध्ये रॉ १४ वरून १२ बिटवर येतं.

प्रश्न : रॉ फाइल कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसते, लॅपटॉपवर उघडली की फिकट आणि दाणेदार. फाइल खराब होते का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : फाइल ठणठणीत आहे. कॅमेऱ्यावर दिसतं ते रॉच्या आत साठवलेलं जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच नटवलेलं चित्र. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर स्वतःच्या पद्धतीने चित्र नव्याने तयार करतं. त्यात कॅमेऱ्याचा कॉन्ट्रास्ट, धार आणि नॉइज पुसणं आलेलं नसतं.

कॅमेऱ्यासारखाच रंग हवा असेल तर कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर वापरा : निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप. ते पिक्चर स्टाइल ओळखतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी हीसुद्धा मोफत आणि ताकदीची आहेत, पण शिकायला वेळ लागतो. सुरुवातीला एवढाच क्रम ठेवा : व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, हायलाइट-शॅडो (उजळ आणि अंधारे भाग), कॉन्ट्रास्ट, नॉइज आणि धार सगळ्यात शेवटी. धार आधी काढलीत तर नॉइजलाही धार येते. कॅमेरा नवा आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर फाइल उघडतच नाही. तेव्हा अॅडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने तिची डीएनजी (अॅडोबीचा, बऱ्याच सॉफ्टवेअरना उघडता येणारा रॉ प्रकार) करून घ्या.

प्रश्न : शिवडीला फ्लेमिंगो टिपताना दोन-तीन सेकंदांतच कॅमेरा अडखळतो. कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० आहे. रॉमध्ये 'लॉसलेस कम्प्रेस्ड' असा पर्याय दिसतो, त्याने दर्जा घसरेल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : लॉसलेसमध्ये काहीच घसरत नाही. झिप फाइलसारखं ते उघडताना जसंच्या तसं परत येतं. अनकम्प्रेस्ड १४ बिट रॉ २४ मेगापिक्सेलला सुमारे ४२ एमबी होते, लॉसलेस साधारण २५ ते ३० एमबी. अनकम्प्रेस्ड ठेवण्यात काही राम नाही. नुसतं 'कम्प्रेस्ड' किंवा कॅननचं 'सी-रॉ' हे मात्र थोडा तपशील सोडतं. फोटोत ते सहसा जाणवत नाही, फक्त शॅडो फार उचलल्या तर कळतं.

आता अडखळण्याचं. सेकंदाला १० फोटो, प्रत्येकी २८ एमबी, म्हणजे सेकंदाला २८० एमबी. व्ही३० कार्डाची सतत लिहिण्याची हमी सेकंदाला ३० एमबीची, आणि कार्ड यूएचएस-१ या प्रकारचं असेल तर त्याची कमाल मर्यादाच १०४ एमबीची. राहिलेलं कॅमेऱ्याच्या बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) साचतं, बफर भरला की शटर थांबतं. रॉ आणि जेपेग दोन्ही चालू असेल तर आधी जेपेग बंद करा. बटण दाबून धरू नका, पंख पूर्ण उघडताना अर्धा-एक सेकंदाचा झपका मारा आणि कॅमेऱ्याला रिकामं व्हायला वेळ द्या. भरतीचं पाणी चढताना पक्षी आपोआप किनाऱ्याकडे सरकतात, घाई करावी लागत नाही.

उडणारा अख्खा थवाच हवा असेल, ऊन तुमच्या पाठीमागून आणि स्थिर असेल, तर आम्ही बेधडक जेपेग सुचवू. फाइल दहाएक एमबीची, बफर कितीतरी जास्त टिकतो. मॅन्युअल एक्स्पोजर लावा आणि पांढऱ्या पिसांवरचा तपशील एका फोटोत तपासून घ्या. एवढं केलंत तर जेपेगमध्ये गमावण्यासारखं फार काही राहत नाही.

प्रश्न : मोबाइलमध्ये रॉ चालू केलं, पण मरीन ड्राइव्हचे रात्रीचे फोटो उलट जास्त खराब आले. असं का?
— एक वाचक, वरळी

उत्तर : मोबाइलचा नेहमीचा फोटो अनेक फ्रेम एकत्र करून बनतो, म्हणून त्यात नॉइज कमी असतो. साधं रॉ ही एकच फ्रेम, तीही नखाएवढ्या सेन्सरची. रात्री मोबाइलचा नाइट मोडच वापरा. आयफोन १२ प्रोपासून आलेलं प्रोरॉ याला अपवाद आहे, त्यात फ्रेम एकत्र केलेल्या असतात. मोबाइलचं साधं रॉ दिवसा, पावसाळी ढगांचे थर टिपायला कामाचं.

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीचे फोटो लोकांना त्याच रात्री हवे असतात. मित्र म्हणतात, शिकायचं तर फक्त रॉ, जेपेग नवशिक्यांचं. खरं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून केलेले फोटो पाठवू नका, मुळात जेपेगमध्ये काढलेलेच पाठवा. कारण दिलं वेगाचं आणि विश्वासार्हतेचं. हे काम काही नवशिक्यांचं नव्हे.

निवड प्रकाशावर आणि फोटोच्या पुढच्या प्रवासावर करावी. आरतीला मखरातल्या एलईडी माळा, निरांजनाची ज्योत आणि मागे अंधार असा गुंता असतो, तिथे रॉ हवंच. मुलांचे कार्यक्रम, बक्षीस समारंभ एकसारख्या ट्यूबच्या उजेडात होतात, तिथे जेपेग पुरे. शिकत असताना दोन्ही एकत्र काढा. जोडी साधारण ३८ एमबीची, ६४ जीबीच्या कार्डावर सोळाशेच्या आसपास बसतात. जेपेग त्याच रात्री पाठवा, रॉ सवडीने उघडा. जेपेगसारखंच चित्र रॉमधून स्वतः काढायचा प्रयत्न केलात तर कॅमेरा काय करतो ते नेमकं कळतं. पण महिनोन्‌महिने रॉ उघडलंच जात नसेल, तर ते काढणं थांबवा आणि एक्स्पोजर नीट करण्यावर भर द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो आणखी दाबला जातो.

प्रश्न : डार्कटेबलमध्ये रॉवर संध्याकाळभर काम केलं. फाइल दुसऱ्या डिस्कवर नेली, तर सगळे बदल गायब!
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : बदल जुन्या फोल्डरमध्ये असतील. सॉफ्टवेअर रॉला हात लावत नाही. काय काय केलं याची यादी शेजारच्या, एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहितं. ती फाइल रॉच्या बरोबर, नाव न बदलता न्या आणि फोटो पुन्हा इम्पोर्ट करा. लाइटरूम क्लासिकमध्ये हे बदल मुख्यतः कॅटलॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत) असतात, तिथे फाइली सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवा.

काम संपलं की लॅबसाठी जेपेग एक्स्पोर्ट करा : एसआरजीबी (रंगांचं सर्वत्र चालणारं प्रमाण), क्वालिटी ९० किंवा वर, ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला २,४०० बाय ३,६०० पिक्सेल. त्या जेपेगवरच पुन्हा काम करून सेव्ह करत राहू नका, दर वेळी थोडा तपशील जातो. पुढे आणखी काम करायचं असेल तर १६ बिट टिफ (तपशील न टाकणारी फाइल) ठेवा. २४ मेगापिक्सेलला ती १४४ एमबीपर्यंत जाते, म्हणून निवडक फोटोंचीच करा.