ट्रायकोकार्डमधले किडे ट्रायकोग्रामाच आहेत का? फोटोवरून जाती कळेल का?

उसासाठी आणलेल्या ट्रायकोकार्डमधून निघालेल्या किड्यांबद्दल तुमचे दोन प्रश्न आहेत. (या कार्डावर पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा ही किडींची अंडी मारणारी बारीक गांधीलमाशी वाढते.) हे ट्रायकोग्रामाच का, आणि फोटोवरून नेमकी जाती कळेल का? पहिल्याचं उत्तर तुम्ही स्वतः काढू शकता. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’, मोबाईल कितीही महागाचा असला तरी.

साध्या भिंगातून लाल डोळे आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं अंग दिसेल, तेवढ्यावर काही ठरत नाही. जवळच्या कॉलेजातला सूक्ष्मदर्शक गाठा आणि आधी पाय बघा. तळपायाला तीनच पेरी असतील तर कुल ट्रायकोग्रामॅटिडी. शेतातून उचललेल्या पतंगाच्या अंड्यांतून कधीकधी टेलेनोमस ही दुसरी बारीक गांधीलमाशीही निघते. ती काळी, चकचकीत आणि तळपायाला पाच पेरी असलेली. मग पुढचा पंख बघा. ट्रायकोग्रामाच्या पंखावर बारीक केस ठरावीक ओळींत असतात. ट्रायकोग्रामाटॉइडिया या जवळच्या वंशात त्यातली एक ओळ नसते. नर सापडला तर काम आणखी सोपं: ट्रायकोग्रामाच्या नराच्या मिशीचं टोक एकसंध आणि लांब केसांचं, दुसऱ्याचं पेरापेरांचं. हा फरक निव्वळ पुस्तकी नाही. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी जी बॅक्ट्री ही जाती वापरतात, ती ट्रायकोग्रामाटॉइडियाच.

जातीचं प्रकरण मात्र अवघड. ट्रायकोग्रामा वंशात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि रंग किंवा आकार पाहून त्या वेगळ्या करता येत नाहीत. रंग तापमानानुसार बदलतो, आकार ज्या अंड्यात वाढ झाली त्यावर ठरतो. सेम्ब्लिडिस या जातीत तर कमालच आहे. पतंगाच्या अंड्यातून निघालेल्या नराला पंख असतात, अल्डरफ्लाय या पाण्याकाठच्या कीटकाच्या अंड्यातून निघालेल्याला नसतात! जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ मध्ये हे दाखवून दिलं. नुसतं रूप पाहून कुणीही त्यांना दोन जाती म्हटलं असतं.

ही कोंडी फोडण्यात बंगळुरूच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांचा मोठा वाटा आहे. नराचं जननांग हे ओळखीचं भरवशाचं लक्षण आहे, हे त्यांनी १९७१ च्या निबंधात अनेक जातींवर दाखवलं. तोवरच्या नावांचा गोंधळ जुन्या पुस्तिकांत अजून दिसतो. भारतातल्या नोंदींत ऑस्ट्रेलिकम किंवा कन्फ्यूजम ही जातींची नावं वाचलीत, तर बहुतेक वेळा ती आजची ट्रायकोग्रामा किलोनिस समजा.

पण नरच नसतील तर? काही वाणांत वोल्बाकिया जिवाणूमुळे फलनाशिवायच माद्या जन्मतात. १९९० मध्ये स्टाउटहॅमर आणि सहकाऱ्यांनी अशा माद्यांना प्रतिजैविकं दिली, तर पुढे नरही जन्मू लागले. आता अशा वेळी डीएनएचा आयटीएस-२ हा तुकडा वाचून जाती ठरवतात.

तेव्हा कार्डाचा एक तुकडा काचेच्या नळीत ठेवून तोंडाला घट्ट कापसाचा बोळा लावा. साधी जाळी चालणार नाही, किडे आरपार जातात. बाहेर पडलेल्यांतले लांब केसांच्या मिशांचे नर आणि काही माद्या अल्कोहोलमध्ये टाका. डीएनए बघायचा असेल तर अल्कोहोल शुद्ध हवं. नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला: तारीख, गाव, कार्ड कुठून आणलं आणि कोणत्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवलं होतं. बहुधा कॉर्सायरा हा तांदळातला पतंगच असेल, पण विचारून घ्या. मग नमुने बंगळुरूच्या एनबीएआयआर या राष्ट्रीय कृषी-कीटक संस्थेकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे न्या.