सिकलसेलवर काम करायचंय, पण पगार प्रकल्पावर: मुलीला या वाटेनं जाऊ द्यावं का?

नागपूरच्या नंदनवन भागातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. नात्यात दोघांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून तिला त्यावरच संशोधन करायचं आहे. वडिलांचं म्हणणं असं की सरकार आज पैसा देतं आणि उद्या हात आखडता घेतं. त्यापेक्षा तिनं पुण्याला क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करावा, नाहीतर एमपीएससीचा क्लास लावावा.

ताई, तिच्या बाबांची शंका रास्त आहे. सिकलसेलचीच गोष्ट घ्या. मध्य भारतातल्या या आजाराची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्ये लॅन्सेटमध्ये छापली. त्यासाठीचं राष्ट्रीय अभियान मात्र 1 जुलै 2023 ला सुरू झालं. मधली पासष्ट वर्षं विदर्भात रुग्ण नव्हते असं थोडंच आहे? पण हा आजार बहुतेक आदिवासी आणि मागास वस्त्यांमध्ये आढळतो. तिथे तपासणी पुरेशी होत नव्हती, म्हणून रुग्णांची पुरती मोजदाद नव्हती. आणि आकडा हातात नसला की अंदाजपत्रकात मागायचं काय, हाच प्रश्न पडतो.

आरोग्य संशोधनाचा सरकारी पैसा ठरतो तो असा. आजारामुळे किती जण दगावतात एवढंच पाहत नाहीत. अकाली मृत्यूमुळे गेलेली आणि आजारपणात काढलेली वर्षं एकत्र मोजतात. या हिशेबात हृदयविकार, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांचा देशातला वाटा 1990 मध्ये सुमारे 30 टक्के होता, तो 2016 मध्ये 55 टक्क्यांवर गेला. त्यापाठोपाठ योजनाही वळल्या. दुसरी कसोटी खर्चाची: एक निरोगी वर्ष वाचवायला किती रुपये लागतात. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात याच कामासाठी आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे. तिसरी कसोटी कागदावर नसते. मागणी कोण करतो आणि किती जोरानं करतो, ती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मुलीनं आजार धरून बसू नये, मोजण्याची विद्या धरावी. अभियानाचं उद्दिष्ट 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं आहे. तपासणीचा टप्पा सरला की पैसा उपचार आणि समुपदेशनाकडे वळेल. जिला फक्त सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, करता येते तिचं कंत्राट तेव्हा संपतं. जिला नमुना निवडता येतो, आकडेवारी साफ करून तिचा अर्थ लावता येतो, खर्चाचा हिशेब मांडता येतो, ती क्षयरोगाच्या किंवा हत्तीरोगाच्या प्रकल्पावर जाते. हे दोन्ही आजार आपल्या भागात आहेतच.

ही विद्या म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगते. एका तालुक्यात सिकलसेल वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो मुलांकडे जाऊ शकतो असे लोक, साधारण 10 टक्के असावेत असा अंदाज आहे आणि उत्तर 2 टक्के इकडेतिकडे चालेल. तर किती माणसं तपासायची? 4 गुणिले 0.10 गुणिले 0.90, भागिले 0.02 चा वर्ग. उत्तर येतं 900 माणसं. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात आणि 900 किटचा खर्च प्रस्तावात लिहून मोकळे होतात. पण आपण गावं निवडून घरोघर जाणार, आणि आजार आनुवंशिक. एका वस्तीवरची माणसं एकमेकांच्या नात्यातली, त्यामुळे दहा माणसं तपासून दहा माणसांइतकी नवी माहिती मिळत नाही. म्हणून संख्या दुप्पट धरावी लागते, 1800. त्यात न सापडणारे, नकार देणारे यांचे 10 टक्के मिळवा: 1980. म्हणजे किटांचा खर्च दुपटीहून जास्त, फिरतीचे दिवसही तसेच वाढले. ही चूक तज्ज्ञ समितीच्या पहिल्याच वाचनात पकडली जाते. पकडली गेली नाही तर त्याहून वाईट, कारण मग पैसा निम्म्या वाटेत संपतो.

आता नोकरीचं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, बाहेरच्या संस्थांना जे प्रकल्प देते, त्यातल्या लहान गटाची मर्यादा 2 कोटी रुपयांपर्यंत असते. पैसा हप्त्यानं येतो. पुढच्या हप्त्यासाठी मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण द्यावं लागतं. ते लेखा विभागात अडकलं की प्रकल्पावरच्या मुलामुलींचा पगार दोन-तीन महिने लांबू शकतो. वडिलांना भीती आहे ती याचीच, आणि ती खोटी नाही. म्हणून मुलाखतीला गेल्यावर तिनं न लाजता विचारावं: प्रकल्प कोणत्या वर्षात आहे, संपणार कधी, यंदाचा हप्ता आला का, कंत्राट सहा महिन्यांचं की वर्षाचं? शेवटच्या वर्षातल्या प्रकल्पावर रुजू व्हायचं तर पुढची सोय आधीच पाहून ठेवावी.

पगाराची पायरी शिक्षणावर ठरते, आणि इथे बरेच जण फसतात. आयसीएमआरच्या प्रकल्पांवर नुसत्या पदवीवर अनुभवाची अट लागते आणि पद साहाय्यकाचं मिळतं, 28,000 रुपये आणि घरभाडं. पदव्युत्तर पदवी प्रथम श्रेणीत असेल तर थेट संशोधन वैज्ञानिकाची पहिली पायरी, 56,000 आणि घरभाडं. द्वितीय श्रेणी असेल तर त्याच पदासाठी पीएचडी मागतात. म्हणून बीएस्सी झाल्याबरोबर मिळेल ती नोकरी धरू नये. पदव्युत्तरनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनचा दर महिना 37,000 आहे, दोन वर्षांनी 42,000.

पुढे काय शिकावं? एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र वाईट नाही, पण तिथून बाहेर पडणारी मुलं फार आहेत. माझी पहिली पसंती सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एमपीएचला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त असा एमपीएच अभ्यासक्रम चालत आलेला आहे. सरकार कोणत्या आजाराला किती पैसा देतं हा तिथे अभ्यासाचाच विषय. गणिताची भीती नसेल तर मुंबईतच देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या विज्ञान संस्थेतला जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्राचा अभ्यासक्रम त्याहून मजबूत. पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात, क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

यंदा घरी बसूनही बरंच होईल. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या पायाभूत तत्त्वांवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी मंचावर आहे. आर (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, मिहानमधलं एम्स, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, सगळं शहरातच. सेवाग्राम तर सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात हत्तीरोग आणि क्षयरोगावर जुनं काम आहे. उन्हाळी सुटीत दीड-दोन महिने काम करू द्या म्हणून आधीच अर्ज करावा, मार्चनंतर जागा नसते. अर्जात ‘संशोधनाची आवड आहे’ असं लिहू नये. वर दाखवला तसा एखादा हिशेब करून जोडावा.

पुण्याच्या डिप्लोम्याला माझा विरोध आहे. तो औषध कंपन्यांच्या चाचण्यांमधली कागदपत्रं सांभाळायला शिकवतो. ते काम प्रामाणिक आहे, पण तुमच्या मुलीला हवं ते नाही, आणि फी पाहता तेवढ्यात सरकारी संस्थेतल्या पदव्युत्तर शिक्षणाचा बराच खर्च निघेल. एमपीएससी पदव्युत्तरनंतरही देता येते. वयोमर्यादा तोवर संपत नाही.

एक शेवटचं, करिअरशी संबंध नसलेलं. नात्यात दोघांना सिकलसेल आहे, तर मुलीची स्वतःची तपासणी झाली आहे का? सोल्युबिलिटी टेस्ट सकारात्मक आली तरी ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली पुढची रक्ततपासणी लागते. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. पण नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. मेयो किंवा मेडिकलमध्ये चौकशी करा आणि अहवाल जपून ठेवा.