तीन ओळींची दुरुस्ती आणि लालहिरवा पसारा

प्रश्न : एक ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही वापरता-सुधारता येणारा तयार कोड) 29 फेब्रुवारी 2000 ही तारीख चुकीची ठरवत होती. मी ते दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. फाइल उघडलीच होती म्हणून सगळं इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) नीट केलं, काही व्हेरिएबलची नावंही बदलली. बदल तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने ‘कृपया वेगवेगळं करा’ एवढंच लिहिलं. सगळे बदल एकाच फाइलमधले आहेत असं मी कळवलं. दहा दिवस झाले, उत्तर नाही. ही बंद करून नवी पाठवू का?

उत्तर : नको. त्यांनी नकार दिलेला नाही, काम सांगितलंय. आणि ‘एकाच फाइलमधले’ हा खुलासा माझ्याही गळी उतरला नसता. नोकरी सांभाळून मीही एका छोट्या प्रकल्पाची मेंटेनर आहे, आलेले बदल तपासून घेते. रात्री डिफ (काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या दाखवणारा फरक) उघडावा आणि पानभर लालहिरवं दिसावं, त्यात खऱ्या तीन ओळी शोधत बसायचं! मी सरळ दुसऱ्या कुणाची रिक्वेस्ट तपासायला घेते. राग नसतो त्यात, डोळे थकलेले असतात.

शिवाय उद्या तुमच्या दुरुस्तीने काही बिघडलं तर? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘गिट रिव्हर्ट’ने तो बदल उलटवला की इंडेंटेशन, नावं, सगळंच मागे जाईल. बिघाड कुठल्या कमिटने (बदलाच्या नोंदीने) आला ते शोधणारं ‘गिट बायसेक्ट’ तुमच्या कमिटवर येऊन थांबलं, तरी नेमकी कुठली ओळ दोषी हे पुन्हा हातानेच शोधायचं.

त्याच ब्रँचवर, म्हणजे रिक्वेस्ट ज्या शाखेवरून पाठवली तिथेच, कमिट वेगवेगळे करा. ‘गिट ॲड’ला ‘पी’ पर्याय दिला की ते बदलाचा एकेक तुकडा दाखवून कमिटमध्ये घेऊ का विचारतं. पण इंडेंटेशन त्याच ओळींवर बदललं असेल तर तुकडे सुटे होत नाहीत. मग मूळ फाइल परत आणून तीन ओळी पुन्हा टाइप करा, तेच लवकर होतं. सोबत टेस्ट हवीच: 2000 ची 29 फेब्रुवारी चालली पाहिजे, 1900 ची नाही.

कमिट मेसेजमध्ये ‘तारखेचा बग काढला’ असं लिहू नका. काय काढलं ते डिफमध्ये दिसतंच. कारण लिहा: 100 ने भाग जाणारं कुठलंच वर्ष लीप नसतं असं कोडने धरलं होतं, 400 ने भाग जाणाऱ्या वर्षांचा अपवाद राहून गेला होता. एवढं वाचलं की अर्धा रिव्ह्यू झाला.

मग ‘फोर्स-विथ-लीज’ने पुश करा, म्हणजे जुन्या कमिटच्या जागी नवे चढवा; मधल्या काळात त्या ब्रँचवर दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर ते सहसा पुसलं जात नाही, पुश अडतं. रिक्वेस्ट तीच राहते, चर्चाही. काही प्रकल्पांना रिव्ह्यू चालू असताना फोर्स पुश चालत नाही, म्हणून त्यांची ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ ही नियमांची फाइल आधी वाचा. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ लागते का तेही तिथेच कळेल. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं त्या ओळीने तुम्ही सांगता. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) ती 2004 पासून आहे.

दहा दिवसांचं म्हणाल, तर चेंडू तुमच्याच कोर्टात आहे, त्यांनी काय लिहायचं? नवे कमिट चढवल्यावर ‘वेगळं केलं, टेस्ट जोडली’ एवढं कळवा. आठवडाभर काही आलं नाही तर एकदा आठवण करा. कर्नलची मार्गदर्शिकाही किमान एक आठवडा थांबायला सांगते.

इंडेंटेशनचं, ही रिक्वेस्ट मर्ज झाल्यावर (मूळ कोडमध्ये गेल्यावर), हवंय का ते आधी विचारा. नुसत्या सजावटीचे पॅच बरेच प्रकल्प घेत नाहीत. व्हेरिएबलची जुनी नावं मात्र तशीच राहू द्या. ती तुम्हाला खटकतात, त्यांना नाही.