गोळीची वेळ आणि पावलांची चाल
काका, तुमचे पार्किन्सनचे निदान होऊन जेमतेम दोन महिने झाले आहेत, म्हणून माझ्या नऊ वर्षांच्या अनुभवातले आधी हेच सांगतो की गोळीइतकीच तिची वेळही सांभाळा. या आजारात मेंदूतील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्याने हालचाली मंदावतात. आपल्या गोळीतल्या लेवोडोपा या औषधाचे मेंदूत डोपामिन होते आणि सोबतचा कार्बिडोपा ते रूपांतर वाटेतच होऊ देत नाही. मात्र प्रथिने आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने शोषले जात असल्यामुळे, मटकीच्या उसळीबरोबर घेतलेली गोळी मला तासभर लागूच पडत नसे. आता मी डॉक्टरांना विचारून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेतो. काही वर्षांनी गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच ओसरू लागतो, तर कधी तो भरात असताना अंग आपोआप वळवळते. ही वळवळ म्हणजे कंप नव्हे, ती औषधाचा परिणाम आहे, हे कळायला मला (आणि घरच्यांना तर त्याहून) फार वेळ लागला. म्हणून गोळी, जेवण आणि हालचालींच्या वेळा वहीत टिपून डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून अचानक बंद मात्र कधीही करू नका. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर जोर लावून ओढू नका. थांबा, फरशीची एखादी रेघ हेरा आणि ती ओलांडायची म्हणून पाऊल उचला.