चित्रकलेच्या शंका : दलदलीत राहून चित्रं काढायची, पण खायचं काय?

प्रश्न : सर, मी शाळेत ड्रॉइंग शिक्षक आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन वाईजवळच्या एखाद्या शांत खेड्यात राहावं आणि फक्त लँडस्केप करावीत, असं मनात आहे. जर्मनीतल्या वोर्प्सवेडला चित्रकार असेच जाऊन राहिले होते म्हणे. त्यांचं भागायचं कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भागायचं ते शहराच्या जिवावर. राजीनामा लिहिण्याआधी एवढं ऐकून घ्या.

वोर्प्सवेड हे ब्रेमेनजवळचं, टॉयफेल्समोर नावाच्या दलदलीच्या कडेचं खेडं. 1889 च्या उन्हाळ्यात फ्रिट्झ माकेन्सन, ओटो मोडरसोन आणि हान्स आम एंडे असे तिघे तरुण तिथे चित्रं काढायला गेले आणि हिवाळ्यातही मुक्काम हलवायचा नाही, असं ठरवून बसले. अ‍ॅकॅडमीला विटलेली मंडळी! पण नाव झालं ते 1895 मध्ये. आधी ब्रेमेनच्या कुन्स्टहाले या कलादालनात प्रदर्शन, मग म्युनिकच्या ग्लासपालास्ट या प्रदर्शनगृहात. तिथे माकेन्सनला सुवर्णपदक मिळालं आणि मोडरसोनचं ‘दलदलीतलं वादळ’ म्युनिकच्याच नॉये पिनाकोटेक या कलासंग्रहालयानं विकत घेतलं. मधे सहा वर्षं गेली होती. खेड्यात कुणी चित्रं घेत नव्हतं, घेणारे होते ते ब्रेमेन-म्युनिकचे. तुमचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत कोण आहे, ते आधी बघा.

आणि ‘शांत’ हा शब्द खोडा. ती दलदल म्हणजे कष्टाची जागा. अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा तो काळा थर, पीट, माणसं विटांसारखा कापायची, वाळवायची आणि तपकिरी शिडांच्या होड्यांत भरून ब्रेमेनला सरपण म्हणून विकायची. तिथे वसायला आलेल्यांबद्दल एक म्हणच होती : पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकरी. मोडरसोनच्या चित्रांत बर्चच्या झाडांमधून सरळ आत जाणारा पाण्याचा पट्टा दिसतो ना, ज्यानं चित्राला खोली येते? तो ओढा नव्हे. दलदलीचं पाणी काढायला आणि होड्या न्यायला माणसांनी खणलेला कालवा आहे तो. वाईला गेलात तर घाट आणि वड काढाच, पण उसाच्या फडात कोण राबतंय तेही बघा.

कंपूचं म्हणाल तर तोही फार टिकला नाही. 1899 मध्ये मोडरसोन आणि नंतर येऊन मिळालेले ओव्हरबेक व फोगेलर हे चित्रकार तिथल्या चित्रकारांच्या संघटनेतून बाहेर पडले. 1907 च्या नोव्हेंबरात बाळंतपणानंतर अडीच-तीन आठवड्यांत मोडरसोनची बायको पॉला गेली आणि पुढच्या वर्षी त्यानं वोर्प्सवेड सोडून फिशरहुडे हे जवळचं खेडं गाठलं. तिथे तो रमला, असं आपलं माझं मत.

प्रश्न : आमचे सर म्हणतात, लँडस्केप जागेवरच पूर्ण करायचं, घरी आणून रंगवणं म्हणजे लबाडी. खरं का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या सरांना माकेन्सन आवडेल. त्यानं ‘उघड्यावरची प्रार्थना’ हा भलामोठा कॅनव्हास बाहेर उभा करून रंगवला. मोडरसोन मात्र दिवसा बाहेर छोटे अभ्यास करायचा आणि संध्याकाळी घरात बसून आठवणीतून लहान लहान कागदांवर रचना करायचा. झाड इकडचं तिकडे, घर बुटकं, आभाळ मोठं. मोठी चित्रं त्यातून स्टुडिओत व्हायची. लबाडी तेव्हा, जेव्हा फोटो समोर ठेवून ‘स्पॉटवर केलं’ म्हणून सांगतेस. आठवड्यातून एकदा रात्री, बाहेरचं स्केच उलटं ठेवून, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तेच दृश्य काढून बघ. जे आठवणार नाही ते बहुधा चित्रालाही नको असतं.

प्रश्न : मुलाकडे हॅम्बुर्गला आलो आहोत. हे सगळं बघायला कुठे जावं?
— एक वाचक जोडपं

उत्तर : ब्रेमेनला बोट्शरश्ट्रासवर पॉला मोडरसोन-बेकरचं संग्रहालय आहे. 1927 मध्ये उघडलेलं, एका चित्रकर्तीला वाहिलेलं जगातलं पहिलं. नवऱ्यापेक्षा ती मोठी चित्रकार, हे तिथे पटतं. वोर्प्सवेडला फोगेलरचं बार्केनहोफ हे घर बघा. ओटोसाठी मात्र फिशरहुडेचं मोडरसोन संग्रहालयच गाठायला हवं. तिन्ही एका दिवसात उरकायला जाऊ नका. वेळ कमी पडला तर वोर्प्सवेड वगळा, फिशरहुडे नको.