आंबा गरम पाण्यात बुडवला तर शिजणार नाही का?

प्रश्न : सर, देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. पेटी भरताना आंबा एकदम चकाचक, पण पुण्याच्या गिऱ्हाईकाकडे आठवडाभरात काळे डाग पडतात, काही देठाकडून कुजतात. कोणी म्हणतं 52 अंशाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, कोणी म्हणतं 48 ला एक तास. नक्की काय करू, फळ शिजलं तर?

उत्तर : अहो, दोन्ही खरं आहे, फक्त दुखणी वेगळी. 48 ला एक तास हे फळमाशीसाठी, अळ्या गरात असतात म्हणून फळ आतपर्यंत तापवावं लागतं. 2014 ला युरोपने फळमाशीवरून आपला हापूस अडवला होता ना, तिकडे पाठवायच्या मालाची ही भानगड.

तुमचे काळे डाग म्हणजे करपा, आणि तो पेटीत लागत नाही, झाडावरूनच येतो. फळ लहान असताना दव-पाऊस झाला की बुरशी सालीत शिरते आणि गप्प बसून राहते, कच्च्या सालीतली द्रव्यं तिला दाबून ठेवतात, आंबा पिकायला लागला की ती द्रव्यं कमी होतात आणि हिचं फावतं. म्हणून नुसतं धुवून-पुसून काही होत नाही. पण ती उथळच बसलेली असते, त्यामुळे 50 ते 52 अंश, 5 ते 10 मिनिटं एवढ्यात मरते आणि गर शिजत नाही.

पाणी बोट घालून बघू नका, थर्मामीटर घ्या! क्रेट बुडवला की पाणी झटकन उतरतं, म्हणून पाणी भरपूर, फळं थोडी, आणि ढवळत राहायचं. चुलीवरच्या पातेल्यात तर मुळीच नको, तळाची फळं भाजतात. 55 च्या पुढे सालीवर चट्टे येतात, कोवळ्या फळाला आधी, तेव्हा चौदा आणे (सोळातले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार माल घ्या आणि पहिल्यांदा डझनभरच करून बघा. काढणीच्या दिवशीच उरका, नंतर पंख्याखाली गार आणि कोरडं करूनच पेटी भरा.

देठाकडच्या कुजीला मात्र हे तितकंसं पुरत नाही, तिथे झेल्याने (काठीला जाळी लावलेलं काढणीचं साधन) देठासकट काढणी आणि चीक फळावर न सांडणं जास्त कामाचं. साक्यावर (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष) तर काहीच उपयोग नाही. अढीचं (आंबे पिकत घालायच्या थराचं) जुनं ओलं गवत बदला, अंघोळ झाल्यावर नवी बुरशी लागायची थांबत नाही. आणि असा आंबा जरा लवकर पिकतो, गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगून ठेवा.